सही केलेले डबे

नात ब्रिटाचं लग्न झालं त्या वर्षीच्या मार्चमध्ये आर्डिस क्वामे ही लायलच्या बंदुकांच्या दुकानात उभी होती. चौथी रायफल तिने खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली.

"जड आहे."

"जड असली की धक्का कमी बसतो," लायल म्हणाला. "चव्वेचाळीस कॅलिबरची आहे. कोयोट दुसऱ्यांदा उठणार नाही."

"मी पहिल्यांदाच उठणार नाही, त्याचं काय?"

तिच्या उजव्या खांद्यात शस्त्रक्रियेनंतर दोन खिळे होते. घरची थर्टी-थर्टी रायफल उडवली की दोन दिवस हात वर होत नसे. दहा दिवसांत मेंढ्या व्यायला लागणार होत्या आणि कोयोट, तिकडचे रानकोल्हे, आत्तापासूनच कुंपणाशी घुटमळत होते. लेक म्हणत होती, "आई, मेंढ्या वीक आणि बिलिंग्सला शहरात माझ्याकडे ये." यंदा कोकरं राखता आली नाहीत, तर लेकीचं म्हणणं खरं ठरणार होतं. आर्डिस काउंटरपासून खिडकीपर्यंत गेली, बाहेर गाडीत बसलेल्या कुत्र्याकडे बघून परत आली, पुन्हा गेली.

"एका जागी उभी राहा गं बाई. मला चक्कर येतेय."

"माल दाखव, मग उभी राहते."

लायलने खालच्या कप्प्यातून एक आखूड रायफल काढली. लिव्हर ओढून ती रिकामी असल्याचं आधी स्वतः पाहिलं, मग तिला दाखवलं. "थ्री फिफ्टी सेव्हन. पिस्तुलाची काडतुसं खाते. थर्टी-एटही चालतात. धक्का म्हणशील तर दार लावल्याइतका."

आर्डिसने रायफल खांद्याला लावली. लिव्हर खाली-वर केला. खांदा बोलला नाही.

"म्हणजे सेल्मरच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं यात चालतील?" तिने नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं.

"तीच."

ती बाहेर गेली आणि गाडीतून दुधाचे दोन क्रेट एकेक करून डाव्या हाताने ओढत आत घेऊन आली. "एकतीस डबे काडतुसं आहेत. त्याने घरी स्वतः भरलेली."

लायलने रायफल तिच्या हातून घेतली आणि काउंटरवर ठेवून तिच्यावर तळवा ठेवला. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण उडवायचं नाही, हे त्या भागात पोरं बूट बांधायला शिकतात तेव्हाच शिकतात.

"नाही, आर्डिस."

"चाळीस वर्षं त्याच्याच हातची उडवली मी."

"तेव्हा त्याला नवरी कोण ते कळत होतं."

ब्रिटाच्या लग्नात सेल्मरने नवरीलाच विचारलं होतं, लग्न कोणाचं आहे म्हणून. दोन आठवड्यांनी त्याला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. लग्नाच्या गडबडीत तो एकाएकी विसरायला लागला, असं सगळे म्हणत. आर्डिसही तेच म्हणत असे.

बोलून गेल्यावर लायलचा चेहरा उतरला. "बस जरा."

"बसायला नाही आले."

"काडतुसात दुप्पट दारू पडली असेल तर नळी फुटेल, तोंडावर येईल. अजिबात नसेल तर गोळी नळीत अडकेल आणि पुढची तिच्यावर आदळेल."

"मग फोडून बघ की."

लायलने पोकळ हातोडी घेतली. तीत काडतूस बसवून आपटलं की गोळी आणि दारू वेगळी होत. प्रत्येक डब्याच्या झाकणावर सेल्मरने तारीख घातली होती, खाली दारूचं वजन ग्रेनमध्ये. लायल प्रत्येक डब्यातली तीन-तीन फोडत आणि काट्यावर तोलत गेला.

"जून. चार ग्रेन. चार. चार." ठक. "सप्टेंबर. चार. चार. चार."

आर्डिस येरझारा घालत होती. मग हातोडीचा आवाज थांबला.

"हे आठ आहे," लायल म्हणाला. पुढचं फोडलं. त्यात काहीच नव्हतं.

"तारीख?"

"गेल्या वर्षीची. एकोणीस नोव्हेंबर."

त्याच्या पुढच्या आठवड्यात, म्हणजे लग्नाच्या आधीच, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सेल्मरने घरी सगळ्यांसाठी टर्की कापली होती. तंगडी कोणाची यावरून जावयाला रडेपर्यंत हसवलं होतं.

"मी शेजारीच बसले होते, लायल."

लायलने झाकण उजेडाकडे धरलं. मग बाकीची झाकणं ओळीने मांडली. तेवीस डब्यांवर वजनाखाली सही होती. शेवटची सही सहा नोव्हेंबरची. पुढच्या आठ डब्यांवर तारीख होती, वजन होतं, सही नव्हती.

"माझ्या बापाने मला आणि सेल्मरला एकाच टेबलावर काडतुसं भरायला शिकवलं," लायल म्हणाला. "ज्याची खात्री नाही, त्यावर नाव घालायचं नाही."

"मग भरत कशाला राहिला?"

"हातांना काय सांगणार?"

सही असलेल्या तेवीस डब्यांत एकही चुकीचं निघालं नाही. "तरी मी हो म्हणणार नाही," लायल म्हणाला.

"तू म्हणू नकोस. त्याने म्हटलंय."

आठ डबे तिने फोडून टाकायला त्याच्याकडे ठेवले. रायफल आणि तेवीस डबे गाडीत ठेवले.

जाताना ती वृद्धाश्रमात थांबली. सेल्मर खिडकीशी बसला होता. दाढी कोणीतरी नीट केली होती.

"तुझ्या काडतुसांना चालेल अशी रायफल घेतली," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे अदबीने पाहिलं. अनोळखी बाईशी बोलावं तसं म्हणाला, "डब्यावर सही आहे का, ते आधी बघून घ्या."

"बघितली," आर्डिस म्हणाली आणि तिथेच खुर्ची ओढून बसली.

त्या हंगामात तिची दोनच कोकरं गेली. सेल्मर क्वामे ११ मे १९९८ रोजी सकाळी वारला.