दहावं विधान

माझ्या नवऱ्याने, गंधारने, डेल्फ्टच्या डच विद्यापीठात चार वर्षं घालवून जपानी राजकीय गटांच्या नावांतल्या शाब्दिक कोट्या ओळखायला कॉम्प्युटरला शिकवलं. कॉम्प्युटर शिकला. मग गंधारने भात कालवता कालवता प्रत्येक कोटी मला समजावली. एका गटाचं नाव 'किबो', म्हणजे आशा. तोच उच्चार वेगळ्या अक्षरांत लिहिला की पौर्णिमा उलटल्यावरचा, उतरणीला लागलेला चंद्र. "कळलं का?" तो विचारायचा. "छान," मी म्हणायचे आणि लोणचं पुढे सरकवायचे.

कोविडमुळे त्याची पीएचडीची तोंडी परीक्षा आमच्या बैठकीच्या खोलीत, झूमवर झाली. इथे उमेदवाराशेजारी त्याची माणसं उभी करायचा रिवाज आहे. मी उभी राहिले. वर पैठणी, खाली लोकरी मोजे. काम एकच, गप्प राहणं. माझ्या स्वभावाला ते जडच.

दुसरा रिवाज असा की प्रबंधासोबत दहा विधानं जोडायची, शेवटचं गमतीचं. गंधारने लिहिलं होतं: 'जिच्यावर कोणीच हसत नाही, ती कोटीच नव्हे.' परीक्षक कुठलंही विधान उकरू शकतात, हे हा शहाणा विसरला.

पन्नास मिनिटं सुरळीत गेली. मग एका वयस्कर परीक्षक बाईंनी चष्मा पुसला.

"तुमच्या तीनशे बारा कोट्यांवर कोणी हसलंय? नसेल, तर दहाव्या विधानानुसार प्रबंधाला विषयच उरत नाही."

गंधारला घाम फुटला. "माझ्या बायकोने सगळ्या ऐकल्यात," तो म्हणाला. "तिलाच विचारा."

सात चौकटींतले सात काळे झगे माझ्याकडे बघू लागले. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण झगेवाल्यांसमोर मला खोटं बोलता येत नाही.

"एकदाही नाही," मी म्हणाले.

गंधार तोंड उघडणार, तोच आठव्या चौकटीत विद्यापीठाचा दंडधारी अवतरला आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात काठी आपटून त्याने परीक्षेचा तास संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर अर्धा शब्दही बोलायची मुभा नसते. माझंच वाक्य शेवटचं ठरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समिती वीस मिनिटं गायब होती. मग निकाल आला.

"साक्षीदार एकच, तीही घरातली. एवढ्याशा नमुन्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पदवी मंजूर."

मी उडीच मारली. डॉक्टरसाहेब मात्र लॅपटॉप मिटून बसून राहिले.

"खरंच एकदाही नाही?"

"हसले की एकदा," मी ठोकून दिलं. "बाथरूममध्ये जाऊन."

त्याचा चेहरा उजळला. "कुठल्या नावावर?"

तीनशे बारांतलं एकही नाव मला त्या घडीला आठवेना, आणि तो आनंदाने वाट बघत होता.