खडूच्या चार खुणा

अहवालात असे नमूद आहे: रविवारी सकाळी साडेनऊ वाजता शिंप्याच्या दुकानावरील माळ्यावर अकरा इसम गुप्तपणे जमले होते, त्यांच्याकडे सरकारी माणसांच्या नावांची यादी मिळून आली, पैकी चार नावांवर खुणा होत्या, सबब हे टोळके शासनाविषयी द्वेष बाळगून असून एकेका अधिकाऱ्याचा काटा काढण्याच्या बेतात होते.

अहवाल सुबक आहे. त्यात वस्तुस्थिती तेवढी बसलेली नाही. अकरा इसमांपैकी एक चार महिन्यांचा होता आणि दूध पिऊन झोपला होता. गुप्तपणाचे म्हणावे, तर माळ्याच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या आणि गाणे चौकापर्यंत ऐकू जात होते. ते बेसूर असल्याची तक्रार समोरच्या न्हाव्याने पूर्वीच केली होती. यादी मात्र होती. कापड बेतायच्या खाकी कागदावर, ठसठशीत अक्षरांत, भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली. काटा काढणारे लोक सहसा इतके नीटनेटके नसतात.

ती रीत मास्तरांची. मास्तर म्हणजे दुकानाचे मालक आणि या ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे. दिलेल्या तारखेला कपडे देणारा शहरातला एकमेव शिंपी. पोलिसांनी माळ्याला पहिल्यांदा टाळे ठोकले, तेव्हा सगळ्यांनी देवाकडे एकच धोशा लावला होता: वाचव. मास्तर म्हणाले, "मागा, जरूर मागा. पण लाठी हाडाला लागते आणि हाड जुळतं. द्वेष आत शिरला की नासवतो. आधी त्याच्यापासून राखायला सांगा, मग लाठीपासून." तेव्हापासून ज्याला जाच झाला त्याने जाच करणाऱ्याचे नाव कागदावर लिहायचे आणि रोज त्याचे भले मागायचे. ज्या दिवशी ते नाव कडवटपणाशिवाय तोंडातून निघेल, त्या दिवशी शिंपीकामाच्या खडूने त्यावर खूण करायची. वर्षभरात चार खुणा झाल्या होत्या.

पाचवे आणि शेवटचे नाव खुद्द ठाण्याच्या साहेबांचे होते. ते लिहिले होते काजवालीने. ती मास्तरांकडे काज-बटणाचे काम करी; तिचा धाकटा भाऊ तिथेच कापड कापत असे. मागच्या छाप्यात साहेबांनी त्याचा उजवा हात दाराच्या फटीत धरून दार ओढले होते. दोन बोटे कायमची गेली. कात्री आता त्याच्या हातात राहत नाही.

दुपारी ठाण्यातल्या बाकावर अकरा जण खेटून बसले होते. साहेबांनी कागद टेबलावर पसरला.

"चार झाले. आता माझा नंबर का, मास्तर?"

मास्तरांनी रीत समजावून सांगितली. लेखनिक हसू दाबत खाली बघू लागला.

"माझं भलं मागता? रोज?"

"रोज, साहेब."

"मग मला बढती का नाही मिळत?"

"ती आम्ही मागत नाही," मास्तर म्हणाले. "आणि कट म्हणाल, तर आमचं आजवर एका गाण्याच्या चालीवर एकमत झालेलं नाही."

साहेब हसले नाहीत. "वर मला एक आरोपी दाखवायचा आहे. यादी कुणाची, द्वेष कुणाच्या पोटात आहे, एक जण बोला. बाकीचे घरी जा. नाहीतर अकराही आत. ते तान्हंसुद्धा."

तान्ह्याच्या आईने त्याला पदराखाली ओढले. मास्तर उठले. "माझं लिहा."

काजवालीने सकाळपासून मनातल्या मनात रक्षण मागितले होते. आता ते समोर उभे होते: पांढऱ्या केसांचे, पुढे झालेले. तिने गप्प बसायचे, एवढेच बाकी होते. पण साहेबांचे नाव मास्तरांनी लिहिलेले नव्हते. त्यांच्या पोटात काही नव्हते, हे तिला ठाऊक होते. त्यांनी स्वतः लिहिलेल्या नावावर पंधरा दिवसांत खूण केली होती. ज्या माणसाने गिऱ्हाइकालाही कधी थाप मारली नाही, तो तिच्यासाठी खोटा जबाब द्यायला निघाला होता.

"ताई, बस खाली," भाऊ पुटपुटला. "म्हातारे आहेत, त्यांना सोडतील."

"तुझा हात बघून सोडलं होतं का?"

"ताई, तुझ्या पाया पडतो."

देवाकडे मागितलेले रक्षण दुसऱ्याच्या खोटेपणाच्या आडून येत असेल, तर ते आपण मागितलेले नव्हे, एवढे तिला स्वच्छ कळले. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही. ती तशीच उठली.

"मास्तर, तुम्ही बसा," ती म्हणाली. "हे तुमचं नाही."

अहवालात तिच्या जबाबातले दोनच शब्द घेतले आहेत: "द्वेष आहे." तेवढ्यावर दहा जण संध्याकाळच्या आत घरी गेले आणि ती आत राहिली. लेखनिकाने उतरवून घेतलेला आणि तिने सही केलेला मूळ जबाब असा:

"शेवटचं नाव मी लिहिलं. द्वेष आहे. तो माझा एकटीचा आहे, या बाकीच्यांचा नाही. साहेबांनी माझ्या भावाची बोटं चिरडली, त्या दिवसापासून मी रोज त्यांचं भलं मागते आणि रोज ते घशात अडकतं. मी त्यांना काही करणार नाही. त्यासाठीच तर मी रोज देवाकडे जाते. आजही मागितलं. आजही जमलं नाही. उद्या इथूनच मागेन."