गडग्यात अडकलेलं तवसं

"ह्या घरात एकतर तुझी गांडुळां ऱ्हवतली, नायतर मी!"

हरिश्चंद्र अंगणात उभा राहून असा गरजला, की आम्ही शेजारी चहाचे कप हातात घेऊनच बाहेर आलो.

त्याची बायको किशोरीवयनी मात्र शांत. "मगे तुमी खंय जातास ता सांगान जावा. भात किती टाकूचा ता माका समजाक होया."

भांडण तवशाच्या वेलावरून होतं. तवसं म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर फळंभाज्यांची माटवी बांधतात, तिच्या मधोमध हरिश्चंद्राला आपल्या परसातलंच तवसं लागे. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तो वेलाला लेकरासारखा जपायचा. यंदा मात्र वेल पिवळा पडला होता.

किशोरीवयनीनं शिरोड्याहून, माहेरून, मूठभर गांडुळं आणली होती. पडवीतल्या ड्रमात शेण, पाला नि भाजीची देठं घालून ती ठेवली. ड्रमाच्या बुडातून काळ्या चहासारखं पाणी मडक्यात ठिबकायचं. तेच तिनं भरभरून वेलाला घातलं. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. झालं! सगळं बिल गांडुळांच्या नावावर फाटलं.

वयनीनं माहेरी भावजयीला, अनुजाला, फोन लावला. ती तिकडे हसत सुटली.

"गो बाय माझे, ता तसाच घालतत काय? तांबयाभर रसाक घागरभर पानी घाल! आणि आदी वास घेवन बग. ओल्या मातीचो इलो तर बरो. कुजको इलो तर वतून टाक."

वयनीनं मडक्यात नाक घातलं. ते बघून हरिश्चंद्र तडक भगवतीच्या देवळात गेला आणि जेवायच्या वेळेलाच परतला.

पुढे पावसानं उघडीप दिली की वयनी पातळ केलेलं पाणी वेलाच्या मुळाशी ओतायची. आणि वेलाच्या अंगात काय संचारलं, देव जाणे! दोरीवर चढला. दोरीवरचा हरिश्चंद्राचा बनियन तंतूंनी गुंडाळून बसला. मग एकदा आम्ही हरिश्चंद्राला केळ्याची सालं मुकाट्यानं ड्रमात टाकताना पाहिलं.

मग वेल गडग्यावरून, परसाच्या दगडी कुंपणावरून, पलीकडे गेला, आणि पलीकडे होता लवू.

लवू हरिश्चंद्राचा चुलतभाऊ. चिऱ्यांचा तो गडगा मागे पावसात कोसळला, तो परत बांधताना हातभर जागेवरून दोघांत वाजलं. तेव्हापासून बोलणं बंद. गणपतीच्या आरतीलाही एकमेकांच्या दारात पाय नाही.

वेलाला फुलं उदंड आली, पण फळ काही दिसेना. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरिश्चंद्रानं पानं बाजूला सारली नि ओरडलाच, "गो, हय बग!"

त्याच वेळी पलीकडून लवूही ओरडला, "गे आवशीक खाव! ह्या काय?"

दोन चिऱ्यांच्या फटीत तवसं धरलं होतं. अर्धं हरिश्चंद्राकडे, अर्धं लवूकडे, दोन्हीकडे फुगून गरोदर बाईच्या पोटासारखं. हरिश्चंद्र इकडून ओढू लागला, लवू तिकडून.

"माझ्या वेलाचा तवसा!"

"माझ्या दारात इलेला तवसा!"

"वडू नकात, मोडात ता!" किशोरीवयनी धावली. "गडगो काढा."

दोघांनी हात सोडले. लवू म्हणाला, "आणि वयनी, परत बांधूचो खंयसून?"

"आदी तवसा भायर काढा, मगे व्हया तितक्या भांडा. फाल्या गणपती येतलो."

चिरे उतरायला लागले. एक हरिश्चंद्र काढी, एक लवू. ढीग वाढत गेला. मग लवूनं विचारलं, "तुझ्या पायाक काय झाला रे? लंगडतंस तो?"

"ढोपार दुकता. वरीस झाला. तुका गडग्यापाठसून कसा दिसतला?"

 पुढचे जड चिरे लवूनंच उतरवले.

शेवटी तवसं निघालं. दोन्ही टोकांना जाडजूड आणि मधे कंबर! लवूनं ते उभं धरलं, जरासं हलवलं, आणि दोघे चुलतभाऊ चिऱ्यांच्या ढिगावर बसून पोट धरधरून हसले.

दुसऱ्या दिवशी लवू बायकोला घेऊन हरिश्चंद्राकडे आरतीला आला. सावित्रीच्या एका हातात नैवेद्य, दुसऱ्या हातात रिकामी बाटली. "वयनी, तुमचा ता काळा पानी वायच माका देशात?"

आरती सुरू झाली. टाळ वाजू लागले. लवूनं भक्तिभावानं वर बघितलं. माटवीत वाऱ्यानं तवसं हळूहळू फिरत होतं, कंबर मुरडत. लवूच्या घशातून उचकीसारखं काहीतरी निघालं. सावित्रीनं कोपर मारलं. हरिश्चंद्र रागानं मागे वळला, त्याची नजर वर गेली, आणि हातातला टाळ गळून पडला. किशोरीवयनीनं तोंडात पदर कोंबला. मग आम्हा सगळ्यांनाच हसू आवरेना. आरती पार मोडली.

पुन्हा सुरू केली. पुन्हा मोडली.

"लवू," डोळे पुसत हरिश्चंद्र म्हणाला, "तू भायर जा रे!"

"जातंय," लवू म्हणाला, पण जागचा हलला नाही.