उलटायची राहिलेली भाकरी

मी एक जुना बिडाचा तवा आहे. शेणवे गावच्या रघूच्या घरी पडवीत खिळ्याला टांगलेला. अंगावर गंज चढलाय आणि कडेला एक कोळी सुखाने राहतो. त्याला तरी माझा उपयोग आहे.

मित्रांनो, म्हशाच्या जत्रेत भांड्यांच्या ढिगातून मला गीताबाईने निवडलं. तेव्हा ती नवी नवरी होती. टिचकी मारून तिने माझा आवाज ऐकला आणि रघूला म्हणाली, "ह्योच घ्या." त्या दिवसापासून मी तिचा झालो.

तांदळाची भाकरी मोठी नखरेल. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकलं की लगेच उलटायची. घाई केली तर मोडते, उशीर केला तर तडकते. गीताबाई बघायचीसुद्धा नाही. तोंड शेजारणीकडे, गप्पांना ऊत आलेला, पण हात नेमका वेळेवर यायचा. भाकरी टम्म फुगायची आणि कौतुक तिचं व्हायचं. मी काळा तो काळाच! तरी मी सुखात होतो.

गेल्या वर्षी तो हात येईनासा झाला. घरात वाईट असं काही घडलं नव्हतं. पण तिचं हसणं आटलं, झोप उडाली. भाकरी टाकून ती नुसती बघत बसे. धूर निघाला तरी बघतच.

"लक्ष कुठं हाय गो तुजं?" रघू खेकसे.

"कळतंय वो सगळं, पन हात वळत नाय," ती म्हणे.

सुनेने, कुणालीने, तिला शहापूरला डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर चुलीपुढेच ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, आजार हाय तो, सोंग नाय. मेंदूत सेरोटोनिन म्हनून एक रसायन असतं. किती टाइम झाला, एक काम सोडून दुसऱ्याकडं कवा वळायचं, त्यात त्याचा पन वाटा असतो. डॉक्टरनी गोळी दिलीय, ती हळूहळू लागू पडंल. आपल्या मनानं बंद करायची नाय."

आणि खरंच, थंडी पडेपर्यंत हात यायला लागला. एका सकाळी भाकरी टम्म फुगली. रघूचे डोळे भरून आले.

पण आमच्याकडे भाकरी फुगली म्हणजे बाई बरी! रघूनेही तेच धरलं. "भाकर फुगली ना? मंग गोळी कशाला?"

"डॉक्टरना इचारू तरी," कुणाली म्हणाली. त्याने ऐकलं नाही, गोळी बंद केली. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय!

म्हशाची जत्रा उरकली आणि गीताबाई पुन्हा गप्प झाली. एका सकाळी तिने भाकरीवर पाण्याचा हात फिरवायला घेतला आणि हात तिथेच राहिला. पाणी सुकलं. बोटं भाकरीच्या कडेवरून घसरून माझ्यावर टेकली. काढ गो हात, काढ! मला ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही, आणि आपणहून निवताही येत नाही. ज्या हाताने मला निवडलं, तोच मी भाजला. कुणालीने धावत येऊन तो ओढून काढला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गीताबाई आता बोलते, कधी हसतेही. पण बोटं आखडली ती आखडलीच, आणि भाकरी थापायला हात उघडा लागतो. घरात गॅस आला, हलका तवा आला, आणि मी पडवीत आलो.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला तर चढू द्या. पण घरातलं माणूस असं अडकून बसलं तर त्याच्यावर खेकसू नका. आणि ते हसायला लागलं म्हणून त्याचं औषध आपल्या मनाने तोडू नका.

आज सकाळी कुणाली आत भाकरी करत होती. गीताबाई माझ्याखाली, पडवीत पाठमोरी बसली होती. न बघताच ती म्हणाली, "उलट गो आता." अगदी वेळेवर. आखडलेला हात मांडीवरून जरासा उठला आणि परत खाली गेला. रघू समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली.