अळणी सोमवार

महेश्वरीची सासू निंगव्वा सोमवारी मीठ शिवत नसे. सुनेची ज्युनिअर कॉलेजातली नोकरी कायम व्हावी म्हणून तिने सिद्धरामेश्वराला बोललेले हे अळणी सोमवार. महेश्वरी अकरावीला जीवशास्त्र शिकवायची. नवस-बिवस तिला पटत नव्हतं. पण आपल्यापायी कुणी बिनमिठाची भाकरी चावतंय, हे बघून आतून बरं वाटायचं, हेही खरंच.

शेवटच्या सोमवारी पहाटेच निंगव्वाला जुलाब लागले. शिमगा झाला की सोलापूरचं ऊन कुणाचं ऐकत नाही. सकाळीच तिचे ओठ सुकलेले. महेश्वरीनं जलसंजीवनीची पुडी फोडून तांब्यात कालवली.

"ह्यात मीठ हाय का?"

"औषध आहे अव्वा."

"हाय का न्हाय, तेवढं सांग."

"आहे."

"मग बेड, नको. उद्या पिते की. आज साखरपाणी दे. माझ्या जिभेपायी तुझं काम बिघडाया नको."

महेश्वरीची कायम होण्याची मुलाखत गुरुवारवर आली होती. एका दिवसानं काय होतंय, असं तिनं मनाला सांगितलं आणि दुसऱ्या तांब्यात साखर मात्र सढळ हातानं घातली. शेजारच्या सायराबानूंना म्हणाली, "घोट घोट पाजत राहा, मी दुपारी येतेच."

वर्गात उजळणी होती. तिनं फळ्यावर पेशीचं पटल काढलं, स्निग्ध रेणूंचे दोन थर, मधे प्रथिनांची दारं. प्राणवायू न विचारता आत शिरतो, त्याला कुणी अडवत नाही. साखरेचं तसं नाही. आतड्याच्या पेशीत तिचं एक दार असं आहे, की मिठातलं सोडियम बरोबर आलं तरच ते तिला आत घेतं. मग दोघांच्या मागनं पाणी जातं.

"मॅडम, मीठ नसलंच तर?" पहिल्या बाकावरच्या दानेश्वरीनं विचारलं.

"तर साखर बाहेरच तुंबते. आणि उलट शरीरातलंच पाणी..."

पुढचं वाक्य तिच्याच्यानं पुरं होईना. खडू ठेवून ती फोन घ्यायला गेली, तर फोनच वाजत होता.

"मॅडम, आजी डोळे उघडंनात," सायराबानू म्हणाल्या. "साखरपाणी पाजत होते मी, तुमी सांगितलं तसंच. जुलाब वाढलेच की वो. रिक्षात घातलंय, दवाखान्यात या."

निंगव्वानं डोळे उघडले तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं आधी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

"ह्यात?"

"मीठ आहे अव्वा."

"म्हंजे नवस मोडला. साखरपाण्यानं भागणार न्हाय, हे तुला ठाव हुतं?"

नाही म्हणता आलं असतं. "होतं."

"मग भांडली का न्हाईस? टीव्हीच्या रिमोटवरनं भांडतीस की माझ्यासंगं."

"मलाही तो मोडायला नको होता," महेश्वरी म्हणाली. "गुरुवारपर्यंत तरी."

निंगव्वानं उशीवरनं मान उचलली.

"अगं, मी कुणाच्या जिवावर हट्ट धरला? म्हटलं, ही शिकलेली, असलं काय मानत न्हाय. नाक धरून पाजंल. पाप तिच्या डोक्यावर, मी मोकळी." मग भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाली, "मी वाट बघत हुते की."

नोकरी कायम झाली. निंगव्वा घरी आली, पण तिची मूत्रपिंडं पूर्वीसारखी झाली नाहीत. डॉक्टरांनी मीठ तोडलं, जवळजवळ कायमचंच. आता महेश्वरी शेंगाची चटणी कुटते ती बिनमिठाची, आणि आपल्या ताटात तीच वाढून घेते. वर्गात ते साखरेचं दार आलं की ती चित्र काढून देते आणि कुणी प्रश्न विचारायच्या आधी पान उलटते.

परवा जेवताना निंगव्वानं तिच्या ताटाकडं पाहिलं. फळीवरनं मिठाची वाटी काढली आणि तिच्यापुढं सरकवली.

"तू खा गं. तुला कशाला अळणी? कायम झालीस की."

बोलणं टोमण्याचं नव्हतं, तेच महेश्वरीला जड गेलं. तिनं चिमूटभर मीठ घेतलं, ताटाच्या कडेला ठेवलं, आणि भाकरी तशीच चावत राहिली.