मेहुण्यांनी भरलेली बॅग

परदेशी निघालेल्या माणसाला आमच्याकडे स्वतःची बॅग भरू देत नाहीत. त्याने सोफ्यावर बसायचं, मधूनमधून खिशातला पासपोर्ट चाचपायचा आणि जाणत्या माणसांच्या मध्ये यायचं नाही. आमच्या घरी बॅग भरायचा मान बायकोच्या थोरल्या भावाकडे गेला, कारण ते एकदा परदेशी जाऊन आले आहेत. त्याला बरीच वर्षं झाली, पण तो अनुभव त्यांनी इतका जपून ठेवलाय की अजून नवाकोरा आहे. बाथरूममधल्या वजनकाट्यावर ते आधी एकटे उभे राहिले, मग बॅग घेऊन उभे राहिले आणि दोन्हींतला फरक त्यांनी असा जाहीर केला, की तो माझ्या वागण्यातलाच दोष वाटावा.

मी एवढंच म्हणालो, "दादा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली एक वस्तू आहे, ती तळाशी ठेवा."

"तुम्ही निवांत बसा हो, भावोजी," मेहुणे म्हणाले. मी निवांत बसलो. पुढचं सगळं त्या बसण्यामुळे झालं.

ती वस्तू म्हणजे डाय. आमची कंपनी औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या तयार करणारी मशीनं बनवते. डाय म्हणजे त्या मशीनमधला तळहाताएवढा पोलादी साचा. पट्टी चिकटते आणि कापली जाते ती त्याच्या कडांनी. कडा केसभर चुकली की गोळ्या पट्टीत राहायच्या सोडून जमिनीवर लोळतात. परदेशातल्या आमच्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाकडे नेमकं तेच चाललं होतं. नवी डाय बसवायची आणि मशीन चालवून दाखवायचं, एवढंच माझं काम. निघताना मालक म्हणाले होते, "मशीन परत आलं, तर त्याच्या मागोमाग तू कामावर येऊ नकोस." मालक विनोदी स्वभावाचे नाहीत.

विमानतळावर माझ्या नावाची पाटी धरून ड्रायव्हर उभा होता. पाटीवर नाव अगदी बरोबर लिहिलेलं होतं, म्हणजे आता निसटायला वाट नव्हती. त्याने बॅग उचलली, वाकला आणि माझ्याकडे आदराने बघितलं. बॅगेच्या वजनाने मलाही धीर आला. एवढी जड आहे म्हणजे डाय आहेच.

शहर स्वच्छ होतं. गाड्या एकमेकींना हॉर्न न देता जात होत्या. घरात अबोला असावा तशा. रिकाम्या रस्त्याच्या कडेला माणसं सिग्नलची वाट बघत उभी होती आणि कुणाचीही कसली तक्रार दिसत नव्हती. मी ड्रायव्हरला म्हणालो, "हॉटेल." तो म्हणाला, "फॅक्टरी," आणि हसला. मी पुन्हा "हॉटेल" म्हणालो, तो पुन्हा हसला. मग मीही हसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

फॅक्टरीत मला पांढरा कोट दिला, डोक्याला टोपी दिली, बुटांवर पिशव्या चढवल्या आणि मिशीसाठी वेगळी जाळी दिली. कामावर देखरेख करणाऱ्या बाईंनी माझं स्वागत केलं. त्यांच्यामागे कामगार अर्धगोल करून उभे होते. मध्ये आमचं मशीन, बंद, ओशाळल्यासारखं.

"आम्ही फार वाट पाहिली," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पार्ट दाखवा."

मी बॅग उघडली. वर शाल निघाली. शालीखाली कानटोपी. मग वाफ घ्यायचं भांडं, शेकायची रबरी पिशवी, कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे. हातमोजे घातलेला एक कामगार प्रत्येक वस्तू अदबीने उचलून पांढऱ्या कापडावर ओळीने मांडत होता. भांडं त्याने मशीनच्या अंगाला लावूनही पाहिलं. तळाशी बनियन होतं. छान घडी घातलेलं.

मी घरी फोन लावला.

"पोचलात का?" बायको म्हणाली. "कानटोपी घातलीत?"

"बनियनमधली वस्तू कुठाय?"

"थांबा, दादाला देते. तो इथेच आहे."

मेहुणे फोनवर आले. "भावोजी, ते लोखंड ना? काढून ठेवलं मी. वजन जास्त होत होतं. म्हटलं लोखंड काय, कुठेही मिळेल. शेकायची पिशवी कुठे मिळणार तुम्हाला?"

मी फोनवर हात ठेवून बाईंना खरं काय ते सांगितलं. दुसरं सुचलंच नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पार्ट कुणी काढला?"

"मेहुण्यांनी. बायकोचे मोठे भाऊ."

"तुमच्या कंपनीत त्यांचं पद काय?"

"पद नाही," मी म्हणालो. "अधिकार आहे."

बाईंनी जरा विचार केला. "मग त्यांना सांगा, आजच पाठवा. हा आठवडा आम्ही थांबू. त्यापुढे नाही."

माझ्या जिवात जीव आला. "दादा, ती डाय आजच्या आज कुरियर करा. आहे तशी."



"आहे तशी म्हणजे," मेहुणे म्हणाले, "तशी चांगलीच आहे. काल तुम्ही निघाल्यावर दाराला लावून ठेवली होती, दार फार आपटतं तुमचं. तर तुमच्या ताईंच्या पायाला लागली. कडा कसल्या धारदार हो. मग मी नाक्यावरच्या लेथवाल्याकडून घासून घेतल्या. चारही बाजूंनी. आता बाळाच्या हातात दिली तरी भीती नाही."

मागून बायकोचा आवाज आला, "पॉलिशही मारून घेतलं म्हणावं."

अशी डाय नव्याने बनवायला महिने लागतात. हे मेहुण्यांना सांगावं असं फार वाटलं. पण ते माझ्या घरी, माझ्या दारापाशी, माझ्याच बहिणीच्या पायाची काळजी करत उभे होते. मी म्हणालो, "बरं केलंत."

"मग? घरचं माणूस कशाला असतं?" मेहुणे म्हणाले.

फोन बंद केला तेव्हा बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"पाठवताहेत?"

"नाही," मी म्हणालो. "पाठवून उपयोग नाही."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर निदान बोलता आलं असतं. मागे वळून त्यांनी दोन शब्द सांगितले. अर्धगोल मोडला, कुणीतरी मशीन मावेल एवढा लाकडी खोका ढकलत आणला आणि तो हातमोजेवाला कामगार मशीनचा पहिला बोल्ट सोडवायला बसला. चुकीच्या बाजूने. तसं ओढलं असतं तर आतला दांडा वाकला असता.

मग कोटाच्या बाह्या वर केल्या, मिशीची जाळी नीट केली आणि त्याच्याकडे पाना मागितला.