सात किलो शिसं

मित्रांनो, महाडात स्मशानाकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक लाकडाची वखार आहे. तिच्या दारातला जुना, बिडाचा वजनकाटा म्हणजे मी. वर लांब दांडी, दांडीवर सरकणारं पितळी वजन आणि खाली माणूस मांडी घालून बसेल एवढा चौकोनी तवा, असं माझं रूप. हल्लीच्या विजेच्या काट्यांसारखे माझे आकडे लुकलुकत नाहीत. पण मी जे सोसलं आणि शेवटी जे पाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. तापलेलं बीड साच्यात ओतून मला घडवलं. मग एका म्हाताऱ्या कारागिराने तीन दिवस माझ्या दांडीवर कानस फिरवली. तिसऱ्या दिवशी दांडी हवेत आडवी, समतोल स्थिरावली, तेव्हा तो हसला आणि त्याने माझ्यावरची धूळ फुंकली.

महाडात मला महादूशेठनी आणलं. त्या काळी बेकरीवाले, खानावळवाले, लग्नाच्या जेवणावळी घालणारे, सगळे या वखारीत येत. कुणाच्या घरी मयत झालं की त्याची लाकडंही इथूनच जात. महादूशेठ वजन पुरं करत आणि वर दोन ढलप्या ठेवून म्हणत, "जाणाऱ्याला कमी पडायला नको." गावात कुणी लाकडावरून कुरकुरलं, तर दुसरा विचारी, "महादूच्या काट्यावर जोखलंय ना? मग झालं तर!" हे ऐकून मला किती बरं वाटे म्हणून सांगू!

पुढे महादूशेठ गेले. वखार त्यांच्या मुलाकडे, राजेंद्रकडे आली. घरोघरी गॅस आला, बेकऱ्यांच्या भट्ट्या बदलल्या, गिऱ्हाईक आटलं. त्यातच २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीला पूर आला. वर्षभराची लाकडं एका रात्रीत वाहून गेली आणि मी चिखलात रुतून बसलो. पुढे कितीतरी दिवस माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. माझ्या सांध्यांत गाळ वाळला, दांडीवर गंज चढला.

अखेर राजेंद्रने मला बाहेर काढलं, घासलं, तेल घातलं. मला वाटलं, आपले दिवस पुन्हा आले. पण एका दुपारी त्याने वखारीचं दार लोटून घेतलं, माझा तवा उचलला आणि खाली तारेने शिशाचा एक ठोकळा बांधला. सात किलोंचा.

आता माझ्यावर पन्नास किलो लाकूड ठेवलं की दांडी सत्तावन्न दाखवी. राजेंद्र लाकडं मुद्दाम थोडी थोडी जोखी, कारण दर खेपेला सात किलो त्याचे होत. तवा रिकामा असला की तो दांडी चापात अडकवून ठेवी, म्हणजे कुणाला काही दिसायला नको. मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हतो. माझ्यावर जेवढं वजन होतं तेवढंच मी सांगत होतो. पण त्यातलं शिसं किती, हे मला बोलून दाखवता येत नव्हतं.

वखारीत आता मयताचं सगळं सामान मिळू लागलं. बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, शव न्यायला गाडीसुद्धा. कशाचे किती, ते राजेंद्र कधी सांगत नसे. "सगळं मिळून एवढे," असं म्हणे. आणि लोक देत. मयताच्या सामानाचा भाव करू नये, अशी आपल्याकडे रीत आहे ना! राजेंद्रने त्या रीतीवरच दुकान मांडलं होतं.

एका हिवाळ्यात प्रियदर्शिनी नावाची शिक्षिका आली. ती महाडात राहणारी, वरंधच्या शाळेत शिकवणारी. तिचे वडील भिकाजी त्या सकाळी वारले होते. तिने हळूच विचारलं, "दादा, कशाचे किती झाले, सांगाल का?"

राजेंद्र काही बोलण्याआधीच तिच्या आत्याने तिचा हात ओढला. "अगो, बापाच्या सामानाचा हिशोब मागतेस? लोक काय म्हणतील?"

प्रियदर्शिनीने पर्स उघडली. पैसे देताना तिची मान खाली गेली होती, जणू चूक तिचीच होती. ती मान मी विसरू शकलो नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र वेगळंच घडलं. वरंधची ठमाबाई वखारीत आली. तिचा भाऊ हैबती महाडच्या रुग्णालयात वारला होता. गावाच्या रस्त्यावर दरड आली होती, त्यामुळे त्याला गावी नेता येईना. ठमाबाईचा मुलगा सुशांत मुंबईहून निघाला होता, पण गाडी वीर स्टेशनला पोहोचायला अजून वेळ होता. म्हणून ओल्या लुगड्यानिशी ती स्वतःच आली. सोबत गावचे चार पुरुष होते आणि प्रियदर्शिनी होती. हैबतीला रुग्णालयात आणताना तिनेच धावपळ केली होती.

राजेंद्र जोखू लागला. "पंचावन्न! अठ्ठावन्न! त्रेपन्न!" त्याचा गडी प्रत्येक खेप बाजूला रचत होता. सहाव्या खेपेला राजेंद्र म्हणाला, "झाले सव्वातीनशे."

ठमाबाई ढिगाजवळ गेली. तिने दोन ओंडके उचलून पाहिले, खाली ठेवले आणि म्हणाली, "राजेंद्रा, हे सव्वातीनशे नाय."

"मावशी, तुमच्यासमोर जोखलंय."

"जोखलंस रे. पन चाळीस वर्सं मी डोंगरातनं मोळ्या आनल्यात. लाकडाचं वजन माज्या मानेला कळतं. यातलं चाळीसेक किलो कमी हाय."

सोबतचा एक जण कुजबुजला, "ठमाबाय, मयताच्या सामानाचा भाव करू नये."

ठमाबाई वळली. "भाव कुठं करतेय मी? मी वजन इचारतेय. भाऊ माजा गेलाय. त्याला खोट्या मापात पोचवू?"

ठमाबाईने चपला काढल्या आणि ती सरळ माझ्या तव्यावर येऊन उभी राहिली. "आता मला जोख. सोमवारी दवाखान्यातल्या बाईनं जोखलं, तवा बेचाळीस भरले मी."

राजेंद्रचा हात हलेना. तेव्हा प्रियदर्शिनी पुढे झाली. तिने चाप काढला आणि पितळी वजन हळूहळू सरकवलं. माझी दांडी थरथरली आणि एकोणपन्नासवर थांबली.

"लुगडं ओलं आहे त्यांचं," राजेंद्र घाईने म्हणाला. "काटाही जुना आहे."

प्रियदर्शिनीने वाद घातला नाही. ती समोरच्या किराणा दुकानात गेली आणि न फोडलेली तांदळाची गोणी घेऊन आली. गोणीवर छापलं होतं, पंचवीस किलो. ती माझ्यावर ठेवली. मी बत्तीस दाखवले.

"परत सातच," प्रियदर्शिनी म्हणाली. या वेळी तिची मान वर होती.

त्या चार पुरुषांनी मिळून माझा तवा उचलला. खाली शिशाचा ठोकळा तारेला लटकत होता. मित्रांनो, ती तार त्यांनी तोडली तेव्हा मला जे हलकं वाटलं, ते शब्दांत सांगता येणार नाही. राजेंद्र भिंतीला टेकून खाली बसला.

सगळे आरडाओरडा करू लागले. ठमाबाई म्हणाली, "गप रे सगळे. आधी माज्या भावाला पोचवू. मंग बोलू." लाकडं पुन्हा जोखली गेली. हैबतीला पुरं लाकूड मिळालं, आणि सुशांतही वेळेवर पोहोचला.

दहावं झाल्यावर ठमाबाई खरोखरच बोलायला आली. प्रियदर्शिनीने वैधमापन खात्याला, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याला, अर्ज लिहिला. दोघी घरोघर हिंडल्या. सुरुवातीला लोक दारातूनच म्हणत, "गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढता?" तेव्हा प्रियदर्शिनी सांगे, "माझ्या वडिलांच्या वेळी मी गप्प बसले. म्हणून तुमच्या वेळीही हेच झालं." हे ऐकून एका विधुराने पहिली सही केली. मग सह्या वाढत गेल्या. बौद्धवाडीतल्या आल्या, मराठा आळीतल्या आल्या, पोलादपूरहूनही आल्या.

निरीक्षक आले. त्यांनी मला सील ठोकलं, ठोकळा जप्त केला आणि राजेंद्रवर कारवाई केली. तीन महिने मी गोणपाटाखाली होतो. मला भीती वाटे, की आता मला भंगारात घालतील. कलंक लागलेला काटा कुणाला हवा असतो?

पण एक दिवस गोणपाट निघालं. दुरुस्ती करणाऱ्याने माझे सांधे मोकळे केले. निरीक्षक सरकारी वजनं घेऊन आले. वखारीपुढे एवढी गर्दी झाली, की रिक्षा वळेना. ठमाबाई सगळ्यांत पुढे उभी होती.

पहिलं वजन ठेवलं. "वीस!" लोक ओरडले. दुसरं ठेवलं. "चाळीस!" तिसऱ्याला तर शाळेतली मुलंही ओरडली, "साठ!" दोनशेपर्यंत माझी दांडी एका केसाइतकीही चुकली नाही. निरीक्षकांनी माझ्यावर नव्या वर्षाचा शिक्का मारला. टाळ्या वाजल्या. मित्रांनो, काट्याला यापेक्षा मोठा मान कोणता असतो?

त्याच दिवशी वखारीच्या भिंतीवर मोठा फलक लागला. लाकूड किलोला किती, कापड किती, बांबू किती, मडकं किती, गाडी पोलादपूरपर्यंत किती, वरंधपर्यंत किती. खाली लिहिलं होतं, "पावती मागून घ्या." फलक रंगवायला प्रियदर्शिनीच्या शाळेतली विद्यार्थिनी अनुष्का होती. 'पावती' हा शब्द तिने सगळ्यांत ठळक काढला.

राजेंद्र महिनाभर कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मग एकदा ठमाबाई बाजारातून जाताना वखारीत थांबली. राजेंद्र म्हणाला, "मावशी, पुरात सगळं गेलं होतं माझं."

"ठाव हाय रे," ती म्हणाली. "पन ज्यांच्याकडनं तू घेतलंस, त्यांचं तर मानूस गेलं व्हतं."

राजेंद्रने मान हलवली. आता तो प्रत्येक वस्तूची किंमत स्वतःहून वाचून दाखवतो आणि पावती फाडतो. त्याला पाहून बाकीच्या सामानवाल्यांनीही फलक लावले. पोलादपूरहून माणसं आली आणि फलकाचा फोटो काढून घेऊन गेली. पंधरा दिवसांत तिथेही तसाच फलक लागला.

परवा मुंबईहून एक मुलगी आली होती, अंकिता. तिची आजी चंपाबाई वारली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिला काही विचारायची ताकद नव्हती. ती फक्त भिंतीपुढे उभी राहिली, फलक वाचला आणि बोटाने दाखवलं, हे आणि हे. राजेंद्रने सामान काढलं आणि पावती तिच्या हातात दिली. ती आजीला पोचवायला गेली, ती कसलाही सल मनात न ठेवता.

मित्रांनो, मला अधूनमधून तेल लागतं, गंज पुसावा लागतो, दरवर्षी शिक्का लागतो. एवढं केलंत की मी खरं तेच सांगेन. पण माझ्या दांडीकडे बघणारं माणूसही लागतं. ज्याच्या घरचं गेलेलं असतं, त्याच्या डोळ्यांत पाणी असतं, त्याला आकडे दिसत नाहीत. अशा वेळी तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहा. काट्यावर शिक्का आहे का, बघा. भाव विचारा, पावती मागा, मोठ्या आवाजात मागा. कुणी म्हणालं, की असं विचारू नये, तर त्याला सांगा, शेजारच्यासाठी विचारतोय.